सटवाजीच्या धुनेची शेवटची ओळ

ईशान, मुक्ता, परभणीच्या घराबद्दल मी तुम्हांला पुष्कळ सांगितलं, पण त्यात सटवाजीचं नाव कधी आलं नाही. विसरले म्हणून नव्हे. माझ्या कपाटात सुईदोऱ्यालासुद्धा जागा ठरलेली असते म्हणून तुम्ही माझी चेष्टा करता. या एका गोष्टीला मात्र मला इतकी वर्षं जागा सापडली नाही. मागच्या महिन्यात मुक्ताने फोनवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं आणि ती गोष्ट आपणहून बाहेर आली. आता ती क्रमाने लिहून काढते. वाचताना घाई करू नका, आणि मध्येच शेवट पाहू नका. मुक्ताला ती खोड आहे.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांतले उर्दू कागद रद्दीत निघत होते आणि आमच्या घरात कागद म्हणजे तेच. एका बाजूला उर्दूत छापलेले रकाने, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहिले आणि बाबांच्या धुना उतरवल्या. बाबा बासरी शिकवत. परभणीत नवं कॉलेज निघालं होतं, त्यात संगीत हा विषय विद्यापीठाने मान्य केला होता आणि बासरीला पाच विद्यार्थी मिळाले होते. कॉलेज म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या. शेजारच्या खोलीत तर्कशास्त्र शिकवणारे सर बासरी सुरू झाली की खडू खाली ठेवत आणि दारात येऊन उभे राहत. दोन-तीनदा असं झाल्यावर बाबा आपला वर्ग घरी घेऊन आले. आमचं भाड्याचं घर गावाच्या अगदी कडेला होतं. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. रोज सकाळी दहाला ते पाच जण जिना चढून वर जात, सतरंजीवर ओळीने बसत, आणि घराच्या डोक्यावर पाच बासऱ्या वाजू लागत. खाली आई धपाटे थापत असे. तिच्या थापण्याचा ताल आणि वरचा ताल कधी जुळत नसे, आणि बाबा म्हणत की घरात दोन गुरू असले की असंच व्हायचं.

घराच्या मागे एक नाला होता आणि नाल्यापलीकडे माळरान. तिथे सटवाजी धनगराची खोप होती, पन्नासेक मेंढरं आणि बायको गयाबाई. मूलबाळ नव्हतं. सटवाजी पावा वाजवायचा. हे बाबांना परभणीत आल्यापासून माहीत होतं, पण त्यांनी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. बाबांचा विश्वास लिहिलेल्या स्वरांवर. पण विद्यापीठाच्या परीक्षेत एक अट निघाली: प्रत्येकाने आपल्या भागातली एक लोकधून वाजवून दाखवायची आणि तिचं स्वरलेखन सोबत द्यायचं. पाचांपैकी व्यंकट म्हणून एक होता, राणीसावरगावचा, घरची शेती असलेला, काळा, उंच, कमी बोलणारा. तो म्हणाला, "सर, धून कशाला हुडकायची? रोज सांजच्याला आपल्या मागंच वाजवायलाय की तो."

अशा रीतीने सटवाजी आमच्या माळवदावर आला. खुर्ची नको म्हणाला, सतरंजीही नको म्हणाला, कठड्याला पाठ टेकून उकिडवा बसला. वय साठीचं असेल. छातीत कायम घरघर. आईने त्याला चहा आणि धपाटे दिले. धपाटा त्याने आधी हुंगला आणि मग म्हणाला, "वैनी, तीळ लय घातलेत. आमच्या गयाला सांगा, ती मोजून घालती." आई हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी तीळ आणखी जास्त घातले. त्याला पोरांना शिकवायला गंमत वाटत होती. बोटांचं त्याला काही वाटत नसे. तो फुंकेकडे बघायचा. व्यंकटच्या पोटावर आपली काठी टेकवून म्हणायचा, "हितून काढ. गळ्यातून काढतो ते मेंढरालाबी कळतंय."

लिहून घ्यायचं काम माझं. मी चौदा वर्षांची होते, अक्षर छापल्यासारखं, आणि त्याचा मला फार अभिमान. बाबा कच्च्या वहीत भराभर उतरवत, मी पक्की प्रत करत असे: रेघा आखून, सोळा मात्रांची घरं पाडून, प्रत्येक घरात एक स्वर. विद्यार्थी पाच म्हणून प्रती पाच. धून चार ओळींची होती. तिसऱ्या ओळीच्या मधोमध सटवाजी किंचित थांबायचा, अगदी अर्धी मात्रा, आणि पुढे जायचा. दर वेळी तिथेच. मी तिथे श्वासाची खूण म्हणून स्वल्पविराम टाकला. पाचही प्रतींत, लाल शाईने, एकाच आकाराचा. तो कफ होता, त्याची छाती तिथे अडत होती, हे मला कळलं नाही. मला ते सुंदर वाटलं.

चार ओळी झाल्या की सटवाजी पावा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आजून एक हाय, मास्तर." मग तो गळ्यातल्या गळ्यात एकच लांब स्वर काढायचा, पाव्यावर नव्हे. बाबांनी कच्च्या वहीत लिहिलं होतं: "शेवटी एक दीर्घ स्वर, ताल नाही, श्वास संपेपर्यंत." आता त्याला मी घरं कशी पाडणार? सोळांत तो बसेना. कागदही तिथेच संपत होता, चौथ्या ओळीखाली उर्दू शिक्का उमटलेला दिसत होता. मी ती ओळ गाळली. कुणाला विचारलं नाही. स्वच्छ चौकोनी पान झालं आणि बाबांनीही ते पाहून मान हलवली.

आणखी एक लिहून ठेवते, कारण ते त्या वेळीही माझ्या कानांवर आलं होतं. सटवाजीने धून वाजवून थांबावं आणि थोड्या वेळाने नाल्यापलीकडून, खूप लांबून, बारीक आवाज यावा. घार ओरडल्यासारखा, किंवा गाडीचा आख कोरडा पडल्यासारखा. तो दर वेळी यायचा. माझ्या हातात टाक असायचा आणि मी तो ऐकायचे, पण तो आमच्या माळवदावरचा नव्हता म्हणून तो लिहायचा असतो असं मला वाटलं नाही.

संक्रांतीच्या थोडं आधी सटवाजी गेला. थंडीत छाती भरली आणि दोन दिवसांत संपलं. त्यांच्यात माती देतात. गयाबाईने पावा त्याच्या हाताशी ठेवला आणि तोही मातीत गेला. बाबा आणि पाचही विद्यार्थी गेले होते. बाबांनी दिवसकार्य होईपर्यंत वर्ग बंद ठेवला. मग परीक्षा जवळ आली म्हणून पुन्हा सुरू केला, आणि पहिल्याच सकाळी म्हणाले की आज सटवाजीचीच धून घेऊ, पाचांनी मिळून.

आई अंगणात मिरच्या निवडत होती. आधी तिच्याच ध्यानात आलं. ती म्हणाली, "घंटा का थांबली गं?" मेंढरांतल्या एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात घंटा होती. ती दिवसभर वाजत असे, म्हणून आम्हांला ती ऐकू येत नसे. आता ती नाही हे ऐकू आलं. मी मागच्या दारात गेले. माळरानावर ऊन स्वच्छ पडलं होतं. सगळी मेंढरं उभी होती. माना वर, तोंडं आमच्या घराकडे, सगळ्यांची. एकही चरत नव्हतं, कान हलत नव्हते, तोंडातलं गवतही चघळत नव्हतं. वर धून संपली. मेंढरं तशीच. बाबांनी दुसरा पाठ घेतला, तोही संपला, विद्यार्थी जिना उतरून घरी गेले, आई जेवायला हाक मारू लागली, तरी ती उभीच होती. त्यांच्या मध्ये गयाबाई, तीही उभी. ऊन पाठीवरून डोक्यावर आलं तेव्हा कुठे एकेक मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना ते दिसलं आणि त्यांना मौज वाटली. एकजण म्हणाला की परीक्षकांना परभणीलाच बोलवा, श्रोते तयार आहेत. चौथ्या दिवसापासून कुणी माळाकडे तोंड करून बसेना. पाचांनी सतरंजी फिरवून घेतली. बाबांचं मत होतं की जनावराला सवय असते, ती जाईल. आठवडा झाला, पण ती गेली नाही. मेंढरं दुपारपर्यंत उपाशी आणि तहानलेली उभी राहत, मग उन्हात थोडं चरत, आणि दुसऱ्या सकाळी दहाला पुन्हा उभी. त्यांची हाडं दिसू लागली. एक गाभण मेंढी उभ्या उभ्या पडली आणि पुन्हा उठली नाही. गावातला खाटीक नाल्यापर्यंत येऊन बघून गेला. गयाबाईकडे त्या कळपाशिवाय जगायला दुसरं काही नव्हतं.

ती भांडायला येईल असं आईला वाटत होतं. ती आली, पण भांडायला नव्हे. दहाच्या सुमाराला आली, जिन्याच्या पहिल्या पायरीशी बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि वर वाजत होतं ते ऐकू लागली. मी तिला पाणी दिलं. ते तिने हातातच धरलं.

"वर कोन हाय, माय?" तिने विचारलं.

मी सांगितलं, कॉलेजचे विद्यार्थी, पाच जण.

"न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "त्यो हाय. तिसऱ्या बारीला छाती धरती त्येची. आता बघ." वर तिसरी ओळ आली, आणि पाचही बासऱ्या एकदम, अर्धी मात्रा, थांबल्या. गयाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. मुलांनो, माझ्या आयुष्यात मला भीती वाटावी असे प्रसंग मोजकेच आले, आणि त्यांतला पहिला हा. माझ्या लाल स्वल्पविरामातून एक मेलेला माणूस रोज सकाळी श्वास घेत होता.

त्या दुपारी मी कच्ची वही आणि पक्की प्रत दोन्ही बाबांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. बाबा रागावतील म्हणून मी हात मागे धरून उभी होते. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी पान पाहिलं, ऐकलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांना चार ओळींनंतर तो लांब स्वर वाजवायला लावला. एकेकाने वाजवला, मग पाचांनी, मग स्वतः बाबांनी. माळावर एक मानही हलली नाही.

तेव्हा बाबा खाली उतरले, बासरी खुंटीला अडकवली, मला हाताला धरलं आणि आम्ही नाला ओलांडून गेलो. मेंढरांच्या मधून चालताना ती बाजूला झाली नाहीत. आपण भिंतीजवळून जातो तसं आम्ही त्यांच्या अंगाला घासून गेलो. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्यांत आमचं घर दिसत होतं, लहान, माळवदासकट.

बाबांनी गयाबाईला विचारलं की सटवाजी शेवटी जो स्वर लावायचा तो नेमका कसा. आम्ही वाजवला, पण जमला नाही.

"कसा जमंल, मास्तर? ती वळ त्येची न्हाई. माझी हाय." ती काठीवर हनुवटी टेकून उभी होती. "त्यो पाव्यावर बोलवायचा, मेंढरं हुबी ऱ्हायची. मग मी खोपीतून आवाज द्यायची, तवा सुटायची. तीस वर्सं आसंच. तुमच्या माळवदावर वाजवायचा तवाबी मी हितून देत हुती."

घारीचा तो आवाज. मी बाबांचा हात घट्ट धरला.

"मग आता का देत नाहीस?" बाबांनी विचारलं. "मेंढरं मरतील, गयाबाई."

"कळतंय मला."

"मग?"

तिने काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाली, "आवाज दिला की त्येचं वाजवायचं सपतंय. रोज सपायचं, पर सांजच्याला घरी यायचा. आता कुठं येनार हाय?" बाबांनी तिला समजावलं की ती पोरं आहेत, उद्याही वाजवतील, परवाही. ती म्हणाली, "उद्या पोरं वाजवतेल. आज त्यो वाजवायलाय."

बाबांनी आमच्या माळवदाकडे पाहिलं. त्यांचा सगळा जन्म स्वर कुणाचा हे ओळखण्यात गेला होता. तेवढ्यात माझ्या शेजारची ती घंटेवाली म्हातारी मेंढी पुढच्या गुडघ्यांवर बसली. आवाज न करता, घंटाही न वाजता, आणि तरी तोंड आमच्या घराकडेच. गयाबाईने तिच्याकडे पाहिलं. खाली वाकून तिच्या कानामागे हात फिरवला. मग मला म्हणाली, "जा माय. वर सांग, एकडाव वाजवा म्हणावं. तसंच. छाती धरती ती सोडू नका."

मी पळत गेले. बाबा तिच्याजवळच थांबले. माळवदावर पाच जण माळाकडे पाठ करून बसले होते. मी निरोप सांगितला तेव्हा व्यंकटने पहिल्यांदा बासरी उचलली आणि मग इतरांनी. मी कठड्याशी उभी राहिले. पहिली ओळ, दुसरी. तिसरीत ते थांबले, अर्धी मात्रा, आणि पुढे गेले. चौथी झाली. माळावर गयाबाई बोटाएवढी दिसत होती. तिने तोंडाशी हात नेला नाही की मान वर केली नाही. ती नुसती उभी होती, आणि मग तो आवाज आला. जवळून आला असता तर कदाचित बाईचा वाटला असता. तो लांबत गेला, श्वास संपेपर्यंत, आणि श्वास संपल्यावरही थोडा. मेंढरांच्या माना खाली गेल्या, सगळ्यांच्या एकदम, वाऱ्याने ज्वारी वाकावी तशा. घंटा वाजली. म्हातारी मेंढी उठली होती.

आता पुढचं मी जसं पाहिलं तसंच लिहिते. गयाबाईचा आवाज सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्यांनी बासऱ्या खाली ठेवल्या होत्या. मी मोजल्या. मला मोजायची सवय आहे. पाच बासऱ्या, पाच मांड्यांवर. आणि तरी तिच्या आवाजाच्या खाली कुठेतरी एक फुंक चालू होती. मंद, पोटातून काढलेली. तिचा आवाज संपेपर्यंत ती होती, मग एकदा अडली, जशी अडायची तशी, आणि पुढे आली नाही. पाचांनी एकमेकांच्या मांडीकडे पाहिलं. मी खाली जाऊन खुंटी पाहिली. बाबांची बासरी तिथेच होती.

त्यानंतर मेंढरं कधी थांबली नाहीत. गयाबाई उन्हाळा लागायच्या आत कळप घेऊन देवगाव फाट्याकडे, तिच्या भावाच्या गावी निघून गेली; जाताना आईला लोकर देऊन गेली आणि धपाट्यांत तीळ किती घालायचे तेही सांगून गेली. आईने ते मानलं, शेवटपर्यंत. बाबांनी मला पाचही प्रती दुरुस्त करायला सांगितल्या. मी ब्लेडने लाल स्वल्पविराम खरवडले आणि खाली कागदाची पट्टी चिकटवून लिहिलं: "येथे वाद्य खाली ठेवावे. नंतर दुसऱ्याने कंठातून एक दीर्घ स्वर द्यावा." चार प्रती दुरुस्त झाल्या. पाचवी व्यंकटची. तो त्याच दिवशी राणीसावरगावला निघून गेला होता आणि प्रत त्याच्या पिशवीत होती. परीक्षा त्याने पुढे दुसऱ्या विद्यापीठातून दिली, मोठा प्राध्यापक झाला, असं ऐकत होते. त्याला एक पत्र टाकायचं माझ्या यादीत पुष्कळ वर्षं होतं. मी याद्यांतली कामं टाळत नाही. हे एक टाळलं.

मुक्ता, तू पाठवलेलं ध्वनिमुद्रण मी सकाळी चहा घेताना लावलं. तुमच्या विद्यापीठात तुमचे सर बासरीच्या वर्गाला मराठवाड्यातली एक धनगरी धून शिकवतात, त्यांना ती त्यांच्या गुरूंकडून मिळाली, आणि त्या गुरूंना एका जुन्या हस्तलिखितावरून, असं तू लिहिलं होतंस. तुम्ही आठ-नऊ जण वाजवत होता. तिसऱ्या ओळीत तुम्ही सगळे एकदम थांबलात. तू खाली लिहिलं होतंस, "आजी, तो पॉज ऐक, किती सुंदर आहे!" चौथी ओळ झाली आणि ध्वनिमुद्रण संपलं.

तेव्हा घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. कमल कामाला आली तेव्हा पावणेबारा. तिने बेल वाजवली, मग तिच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. मी टेबलाशी उभी होते, कपात चहावर साय धरलेली. ती विचारत होती की आजी, अशा का उभ्या, चक्कर आली का. मला सगळं ऐकू येत होतं, पण मान वळवता येत नव्हती, आणि तसं वाईटही वाटत नव्हतं. कुणीतरी बोलावलं आहे आणि थांबायचं आहे, एवढंच. मग मी तो आवाज दिला. म्हाताऱ्या गळ्यातून जेवढा निघाला तेवढा. कमल घाबरून मागे सरली. मी खुर्चीत बसले आणि तिला म्हटलं की चहा पुन्हा टाक.

म्हणून हे लिहिलं. डॉक्टरांना दाखवून झालं आहे, रक्तदाब व्यवस्थित आहे, त्याबद्दल तुमच्या आईला फोन करू नका. मुक्ता, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि ही दुरुस्ती दे. तिसऱ्या ओळीतली खूण खोडायची. चौथ्या ओळीनंतर सगळ्यांनी बासऱ्या मांडीवर ठेवायच्या आणि एकाने गळ्यातून आवाज द्यायचा, श्वास संपेपर्यंत. तो तू दे. ध्वनिमुद्रण मी त्यानंतर आणखी तीनदा ऐकलं आहे, दर वेळी कमलला समोर बसवून, पण तुम्ही नेमके किती जण होतात ते मला समजत नाही. तेव्हा आवाज देण्याआधी वर्गातल्या बासऱ्या एकदा मोजून घे.